बारा खुर्च्यांचा चमत्कार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे ओळीने चाकाच्या बारा खुर्च्या. महाराज कडाडले, "ऊठ आई, चाल!" एक आजी उठल्या, चार पावलं चालल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग दुसरा उठला, तिसरा उठला.

"खुर्च्या सरकारच्या, पण शक्ती वरची!" महाराजांनी सुनावलं. अनुदान मंजूर करणारे साहेब चक्क डोळे पुसत होते.

मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पांगळ्यांच्या उपचारासाठी गेल्या वर्षी सरकारने महाराजांच्या संस्थेला या खुर्च्या दिल्या, सिस्टरला नेमलं. खुर्च्या महाराजांनी प्रार्थनेला पळवल्या. आणि यंदाचा अर्ज काय, तर उपचार बंद, सगळं अनुदान प्रार्थनेला! चार वेळा तक्रार करून झाली होती. पालथ्या घड्यावर पाणी.

तिच्या पायाशी चटईवर शिंपीकाका होते. कमरेखाली जीव नाही, पडून पडून पाठीला जखम झालेली. उपचार थांबले की ती चिघळणार.

"सिस्टर, माझीच श्रद्धा कमी पडते का हो?" त्यांनी विचारलं.

हे मात्र तिला ऐकवलं नाही. ती तरातरा पुढे गेली. आजींच्या चपलेची टाच झिजून कागद झाली होती.

"आजी, किती वर्षं पाय चालत नव्हते?"

"इश्श! तीन किलोमीटर चालत आले की मी. दारात सेवेकरी म्हणाला, दमलात, खुर्चीत बसा. बसले. महाराज म्हणाले ऊठ, उठले."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, बाकीचे तरी खरे पांगळे असतील."

शेजारचे आजोबा दचकले. "अहो, मलाही तसंच बसवलं! मला वाटलं, तुम्ही खऱ्या!"

बाराही जण एकमेकांकडे बघत राहिले.

"नास्तिक आहे ही बाई!" महाराज ओरडले.

"असेन. खुर्ची द्या इकडे." तिने एक खुर्ची ओढत मागे नेली. "साहेब, रडून झालं असेल तर काकांना उचलायला हात लावा."

साहेब निमूटपणे आले. काकांना खुर्चीत बसवल्यावर सिस्टर गर्दीकडे वळली.

"प्रार्थना खुशाल करा. देवाच्या नावाने सेवा करणाऱ्यांना सरकारने पैसेही द्यावेत. पण खुर्चीतून उठलेल्याला टाळ्या वाजवण्याआधी एवढं तरी विचारा: बाबा रे, तू इथवर आलास कसा?"