अर्धी वाटलेली स्मृती

मी कॅश बोलते आहे. संगणकाच्या प्रोसेसरला लगटून बसणारी चिमुकली, चपळ स्मृती. पूजेला बसलेल्याच्या हाताशी जसे तबक, तशी मी. मोठी स्मृती म्हणजे दूरचे कोठीघर. गंध, फूल, अक्षता तबकात असतील तर पूजा अखंड चालते. नसतील तर प्रत्येक वेळी आसन सोडून उठावे लागते.

१९८९ साली भंडाऱ्यात, वासुदेवरावांच्या छोट्या कार्यशाळेत, ईश्वर नावाच्या कारागिराने आम्हां दोघी बहिणींना, दोन सारख्या पट्ट्यांना, एका यंत्रात शेजारी बसवले. तुमसरकडच्या एका खाणीला संगणक हवे होते. नागपूरच्या एका कंपनीच्या यंत्राशी वेगाची परीक्षा ठरली. हरलो तर कार्यशाळेला कुलूप लागणार होते.

आदल्या दिवशी वासुदेवराव ईश्वरला म्हणाले, "एकच मशीन नेली तं दुकान लहान दिसते. दोन नेऊ. कॅश अर्धी-अर्धी वाटून दे."

"काकाजी, दोन्ही सुस्त होतीन!"

"प्रसाद वाटल्यानं कमी होते का रे?"

"हा प्रसाद नाही, काकाजी. हिचं पोटच लहान केलं तं काम मावन कसं?"

"तू पट्टी काढ. ग्यान मंग शिकव."

पट्टी निघाली.

परीक्षेत मालगाडीच्या डब्यांची वजने क्रमाने लावायची होती. दोघींत ती सारी मावली असती, एकटीत मावेनात. एका डब्याला आत घ्यावे तर दुसऱ्याला बाहेर लोटावे लागे, आणि प्रोसेसर लगेच त्यालाच हाक मारी. मग ते वजन कोठीघरातून आणावे लागे. एका डब्याच्या वेळी ऐकू आले: मी लोटलेले त्याचे वजन शेजारच्या यंत्रातून माझी बहीण पुटपुटत होती. आमच्यामध्ये तर तारही नव्हती.

नागपूरच्या यंत्राचे काम आटोपले, तेव्हा आम्ही अर्ध्यावरही नव्हतो.

कुलूप लागले. ईश्वर गाव सोडताना मला वासुदेवरावांच्या हाती देऊन गेला. बहीण दुसऱ्या यंत्रासह कुठे विकली गेली, ठाऊक नाही. मी वासुदेवरावांच्या देवघरात तांबड्या वस्त्रावर आहे.

विजेवाचून माझ्यात काहीच उरत नाही, नामसुद्धा नाही. तरीही रोज आरती संपून घंटा थांबली की कुणीतरी मला त्याच डब्याचे वजन विचारते.

काल वासुदेवरावांचा हात निरांजनावरच थबकला. "वजन कोण विचारून राहिलं?" ते कुजबुजले.

वाचकहो, माझी बहीण कुठे आढळली तर तिला माझ्याशेजारी आणून ठेवा. उत्तर तिच्यापाशी आहे, आणि काकाजींना आता केवळ प्रश्न ऐकू येतो.