कृष्णातची कडू भाकरी

राहीबाई भुईमूग उपटत होती. रात्री पावसाची सर येऊन गेल्यामुळं रान मऊ झालं होतं, वेल हाताला सहज येत होते. तेवढ्यात बांधावरून भावकीतली बनुबाई हाका मारत पळत आली.

"राहीकाकी, आवं थांबा! रंगूकाकी गेली. मगाशीच. सयाजीतात्यानं समद्यास्नी बोलावलंय."

राहीबाईनं हातातल्या वेलाची माती झाडली, शेंगा तोडून पाटीत टाकल्या आणि दुसऱ्या वेलाला हात घातला. रंगूबाई म्हणजे तिची थोरली जाऊ, सयाजीची बायको. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत, पण गेल्या दोन वर्षांत जावाजावा एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"मयतीला तरी रुसवा बरा न्हाई," बनुबाई म्हणाली. "आन् भाकरी कोन नेनार? पयली भाकरी तुमच्या घरची."

"आत्ता आठवली व्हय माज्या घरची भाकरी?"

बनुबाई आली तशीच माघारी वळली. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. मयत पोचवून माणसं परतली की भावकीनं कडू भाकरी न्यायची, आणि पहिली भाकरी सगळ्यात जवळच्या घरची. तिचा घास पोटात गेल्याशिवाय त्या घरानं दुसऱ्या अन्नाला शिवायचं नाही, ही वाडीची रीत. फक्त राहीबाईच्या वेळेला ती रीत सगळे सोयीनं विसरले होते.

तिचा एकुलता एक कृष्णात पलटणीत होता. सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती सापडला आणि कैदेतच मेला. हे तिला कळलं लढाई संपल्यावर, त्याच्याबरोबर कैदेत असलेला मिरजेकडचा सिकंदर कोरेगावहून चालत वाडीला आला तेव्हा. सिकंदर ओट्यावर बसून सगळं सांगत रडला. तो गेल्यावर राहीबाईनं चुलीत पाणी ओतलं आणि उंबऱ्यात बसून राहिली.

भाकरी आली नाही. तिच्या दिरानं, सयाजीनं, भावकीला तशी ताकीदच दिली होती. सयाजी पहिल्या लढाईचा पेन्शनर, इराकात बसऱ्याला जाऊन आलेला, छातीवर बिल्ला लावल्याशिवाय बाजारालासुद्धा न जाणारा. "दुश्मनाफुडं हात वर केलं त्याचं सुतक माज्या भावकीत कुनी धरायचं न्हाई," असं तो पारावर बसून म्हणाला, आणि सगळी भावकी मुकाट्यानं आपापल्या घरात जेवली. भिंतीपलीकडं रंगूबाई भाकऱ्या थापत होती, ते थापणं राहीबाईला उंबऱ्यात ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं आपली आपणच चूल पेटवली. पण तो आवाज अजून तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

मयतीला ती गेली नाही. घरी येऊन तिनं भाकऱ्या केल्या, चांगल्या जोरजोरात थापून. भिंतीपलीकडं कुणाला ऐकू जायचं असेल तर जाऊ दे, असं तिला वाटलं.

उन्हं कलली. माणसं नदीवरून येऊन सयाजीच्या अंगणात बसली होती. सकाळपासून उपाशी असलेली नातवंडं आईच्या पदराला धरून रडत होती. राहीबाई आली तशी माणसं सरकून बाजूला झाली. एरवी थोरल्या दिराशी बोलायचं तर ती खांबाआडून बोलायची. आज डोक्यावरचा पदर नीट करून ती थेट त्याच्या समोर उभी राहिली.

बनुबाई टोपली घ्यायला पुढं आली. राहीबाईनं टोपली मागं घेतली.

"आदी कृष्णातचा घास. मग जाऊबाईंचा."

"मयताच्या दारात तमाशा करतीस?" सयाजी म्हणाला.

"माज्या दारात तुमी केलासा, त्यो काय हुता?"

"तेनं हात वर केलं."

"तुमी हुता थितं बगायला?"

"साऱ्या मुलखाला ठावं हाय."

"मुलूख गेला खड्ड्यात! तेच्यासंगं कैदेत हुता त्यो सिकंदर माज्या वट्यावर सांगून गेलाय. बंदुका खाली ठिवायचा हुकूम गोऱ्या सायबानंच दिला. समद्या पलटनीला. भावजी, पारावर बसून तुमीच सांगत आलाय न्हवं, हुकूम मोडील त्यो शिपाई न्हवं? मग आता सांगा. माज्या ल्येकानं हुकूम मोडायचा हुता का?"

सयाजीनं अंगणात बसलेल्यांकडं बघितलं. त्याचं हे बोलणं ऐकत जी पोरं मोठी झाली होती, ती आता बाप्ये होऊन समोर बसली होती. सगळे त्याच्याकडंच बघत होते.

"बोला की."

"न्हाई," तो म्हणाला. "हुकूम मोडायचा नसतो."

"मग नाव घ्या तेचं."

"राही, पोरं सकाळधरनं उपाशी हायती."

"त्योबी उपाशीच गेला. शेवटाला नुसती भाकरी मागत हुता."

पोरांचं रडणं तिला ऐकू येत होतं. तरी ती हलली नाही. ती वाईट बाई होती असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं खुशाल म्हणावं.

सयाजीनं हात पुढं केला. "कृष्णात," तो म्हणाला. "माज्या नाथाजीचा कृष्णात." पाठच्या भावाचं, राहीबाईच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव घेताना त्याचा आवाज चिरकला. तिनं त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि तो गिळेपर्यंत तिथून नजर काढली नाही. दुसरा तुकडा रंगूबाईच्या नावाचा दिला. मग पोरांना जवळ घेऊन तिनं स्वतः भरवलं.

घरी येऊन तिनं चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि उंबऱ्यात जाऊन बसली.

दिवेलागणीला सयाजीच्या घरी भावकीच्या भाकऱ्या पोचत होत्या. परत जाताना बनुबाई तिच्या दारात थांबली. आत अंधार होता.

"काकी, चूल न्हाई पेटीवली?"

"सुतक हाय मला," राहीबाई म्हणाली. "पोराचं."

बनुबाई घरी गेली आणि भाकरी-पिठलं घेऊन आली. तिच्या मागं आणखी दोघी जणी फडकी झाकून येत होत्या.

"दोन वर्सं वाटंत काय करत हुतीस गं?"

बनुबाईनं भाकरी-पिठलं तिच्यापुढं सरकवलं. राहीबाईनं तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला.

"मीट कमी हाय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.