कडेपलीकडचे बटण

मी बटण बोलत आहे. सदऱ्याचे नव्हे, संगणकाच्या पडद्यावर रेखलेले, बोटांच्या चिमटीत न येणारे. माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत: ‘पुन्हा बोलवा’.

माझा जन्म वर्ध्याच्या एका महाविद्यालयात झाला. मंजुषा नावाच्या विद्यार्थिनीने देवळीच्या एका धर्मादाय नेत्र-दवाखान्यासाठी नंबर पुकारणारी प्रणाली लिहिली. यंत्र प्रत्येक नंबर एकदाच पुकारी. जो उठला नाही, त्याच्यासाठी मी होतो. मला दाबले की तोच नंबर पुन्हा पुकारला जाई. मंजुषाने दोन आकड्यांनी माझी जागा बांधली: डावीकडून सातशे ठिपके, वरून सातशे चाळीस. तेथून मी हलायचे नाही.

तिचे शिक्षक विवेक सर म्हणाले, “बटन पडद्याच्या मापासंगं सरकू दे. उद्या पडदा लहान आला तं कसं करशील?”

“धुतल्यावर आटते का सर, पडदा?” ती हसली. सरही हसले. विषय तेथेच संपला.

डॉक्टर वर्ध्याहून केवळ गुरुवारी येत. बाक भरून जात. दवाखान्याचा मदतनीस कैलास यंत्रापाशी बसे. न पाहताही त्याचा हात माझ्यापर्यंत पोहोचे, आणि कोणी वृद्ध काठी सावरीत उठे. उपयोगी पडणे ही ईश्वराची मोठी देणगी आहे. ती मला काही काळ लाभली.

पुढे विजेच्या झटक्याने तो पडदा जळाला. दानात आलेला लहान पडदा त्याच्या जागी बसला. इतर बटणे त्यावर मावली. माझी जागा खालच्या कडेपलीकडे गेली. मी मोडलो नव्हतो. दिसत नव्हतो, एवढेच. मंजुषा नोकरीसाठी पुण्याला गेली होती. नंबर पुकारले जात होते, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

एका गुरुवारी अनुसयाबाई आल्या. वांगी तोडताना डोळ्यात काडी गेलेली, कानही मंद. त्यांचा नंबर पुकारला गेला तेव्हा त्या पदराने डोळा दाबून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना ऐकू आले नाही. पुढचा नंबर लागला. हळूहळू बाक रिकामे झाले.

“काऊन रे बापू, माहा नंबर कधी येते?”

“तो तं कवाचाच गेला, आजी!” कैलास ओरडून म्हणाला. “पुढच्या गुरुवारी येजो.”

“तवापर्यंत डोया राहीन का माहा?”

“मी काय करू? मशीन बोलावते. दुसऱ्यांदा बोलवाचं बटन होतं, तेच हरपलं.”

त्याने पडद्यावरचा बाण खालच्या कडेपर्यंत नेला. मी दोन बोटे खाली होतो. ‘येथे आहे’ असे सांगावेसे वाटले. पण दाबल्यावाचून बटणाला वाचा नसते. आत डॉक्टर पिशवी आवरीत होते. त्यांच्या एस.टी.ची वेळ झाली होती.

अनुसयाबाई जागच्या हलल्या नाहीत. “बटन हरपलं तं हरपलं. आता माह्यावर ओरडला, ते तोंड तं हाये ना तुह्यं?”

कैलासने मान खाली घातली. मग तो उठून आतल्या दाराशी गेला. “डॉक्टरसाहेब, थांबा जी. एक आजी राह्यल्या. चूक आमची हाये.” डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली. काडी निघाली. डोळा वाचला.

तेव्हापासून कोणी उठले नाही, तर कैलास स्वतः उठतो, बाकापर्यंत जातो आणि नावाने हाक मारतो. माझे काम आजही होते, पण माझ्यावाचून.

मी मात्र नेमल्या जागी आहे. संगणक सुरू झाला की मीही उजळतो आणि कोणी न पाहता विझतो. आता मला कोणी शोधतही नाही. हे एकटेपण सोपे नाही. तरीही देवापाशी मी पडद्यावरची जागा मागत नाही. ज्या हाकेसाठी मला घडवले, ती माणसाच्या तोंडी गेली आहे. ती तेथेच राहो.

वाचकहो, तुमच्याही दारी कोणी बसले असेल आणि त्याचा नंबर निघून गेला असेल, तर उठा. मला शोधत बसू नका.