काळ्या अस्तराची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पण पावसाशी माझा काडीइतकाही संबंध नाही. केप टाउनमध्ये दर वर्षी दोन जानेवारीला ढोल आणि बँजो घेऊन पथके शहरातून नाचत जातात. त्यांतल्या 'ब्लू गम डँडीज' या पथकाच्या अगदी पुढे मी असते. माझी हाडे पोलादाची आहेत आणि कातडी साटिनची. हाडे जन्मापासूनची तीच; पण पथकाचे रंग दर वर्षी बदलतात, त्यामुळे कातडी दर वर्षी नवी. माझ्याखेरीज अशी कात टाकतो तो साप, पण त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

दोन जानेवारीच का? तर पूर्वी इथल्या गुलामांना नववर्षाच्या दिवशी मालकाच्या पंगती वाढाव्या लागत, म्हणून त्यांचे नववर्ष दुसऱ्या दिवशी. त्यांचीच ही पतवंडे-खापरपतवंडे. काहींची आडनावे अजून महिन्यांची आहेत, कारण मालकांना नावे शोधण्याचा कंटाळा होता. माझी मालकीण त्यांतलीच: रोलिंडा सप्टेंबर. बाप्तिस्मा झाला तेव्हा ती रोलंड होती. मी तिला 'ती' म्हणते, कारण ती स्वतःला 'ती' म्हणते. छत्रीला याहून जास्त चौकशीची गरज वाटली नाही. माणसांना मात्र वाटते. पथकापुढे नाचणाऱ्या तिच्यासारखीसाठी इथे एक शब्द आहे. तो वर्षभर शिवी असतो आणि दोन जानेवारीला पदवी.

रोलिंडाला अर्धशिशी आहे. कधीतरी डोके धरते तशी नव्हे. महिन्यातले निम्मे दिवस ही पाहुणी घरात पाय पसरून बसलेली असते. आधी डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखी चकाकी फिरते, समोरचा माणूस अर्धाच दिसू लागतो, आणि मग डाव्या डोळ्यामागे कोणीतरी खिळा ठोकायला घेते. उजेड टोचतो, वास टोचतो, आवाज तर विचारूच नका. घराच्या पुढच्या खोलीत तिचे केस कापायचे दुकान आहे. अशा दिवशी ती पडदे ओढून अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने शेजारणींचे केस बसवते. आजवर कोणाचा भांग वाकडा गेलेला नाही.

उन्हात बाहेर पडताना ती मला उघडते. टॅक्सीच्या थांब्यावरचे टवाळ ओरडतात, "राणीसाहेब, पाऊस कुठाय?"

"पडला की बोलावते हं," रोलिंडा म्हणते. "तेवढंच तुझं तोंड धुऊन निघेल."

दुखणे एक आणि वैद्य गावभर, अशी तिची गत होती. शेजारच्या आंटी डोरीनने तिच्या कपाळावर बटाट्याच्या चकत्या ठेवून फडके करकचून बांधले आणि विचारले, "वाटतंय का गं बरं?"

"बटाट्याला विचारा, आंटी. मला नुसतीच भूक लागलीय."

पाद्रीबाबांनी सांगितले, हे तुझ्या राहणीचे पाप डोक्यात चढले आहे. दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरने मान वर न करता विचारले, "दारू किती घेता?"

"घेतच नाही."

"तुमचे लोक असंच सांगतात," असे म्हणून त्याने साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. आणि पथकाचा कप्तान बूता गाशीम म्हणाला, "नाटक!" बूता म्हणजे थोरला भाऊ. तो सगळ्या वस्तीचा बूता होता आणि वस्तीत कोणाचेच ऐकत नसे. या तिघा पुरुषांची निदाने वेगळी होती, औषध मात्र एकच: गप्प बस.

गप्प बसणे रोलिंडाच्या पत्रिकेत नव्हते.

एका वर्षी बूताने सोनेरी टिकल्यांचे कापड पसंत केले. माझ्या अंगावर ते चढले आणि मी अशी चमकू लागले की माझे मलाच ओशाळे वाटले. तालमीच्या दिवशी मैदानात ऊन होते. माझ्यातून गाळून आलेला सोनेरी उजेड रोलिंडाच्या डोळ्यांत शिरला आणि ती नाचता नाचता मटकन खाली बसली. ढोल थांबले. बूता कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे बघ रोलिंडा, पुढे चालणारा बसला की अख्खं पथक बसतं. त्या दिवशी एकदा जरी बसलीस ना, तर पुढची जागा गेली. कायमची. मग ये मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन."

मित्रांनो, वर्षभर खाली मान घालायला लावणारे शहर एका दिवशी जिच्याकडे मान वर करून बघते, तिला ही जागा काय आहे हे मी सांगायला नको. रोलिंडा मला काखेत मारून थेट तीटी रुगायाकडे गेली. तीटी म्हणजे थोरली बहीण, आणि ही पथकाची शिंपीण. मला दर वर्षी तीच कपडे चढवते.

"तीटी, आतून काळं अस्तर लाव. जाड."

तीटीच्या तोंडातल्या टाचण्या पडता पडता राहिल्या. "काळं? नव्या वर्षाला? बूता मला जिवंत शिवेल!"

तिचे भय खरे होते. या पथकाचा एक रिवाज आहे. मिरवणुकीच्या वाटेवर कोणा दिवंगत सभासदाचे घर आले की पुढे काळी छत्री उघडतात. काळे दिसले की ढोल थांबतात, टोप्या उतरतात आणि काळे दिसते आहे तोवर नुसती पावले वाजतात. म्हणून एरवी पथकात काळ्या चिंधीलाही बंदी.

"आतून तर लावायचंय," रोलिंडा म्हणाली. "माझ्या डोक्यात काय चाललंय ते तरी बाहेरून कुठं दिसतं कोणाला?"

तीटीने तिच्याकडे पाहिले, टाचण्या नीट केल्या आणि काळ्या कापडाचा तागा उलगडला.

दोन जानेवारी उजाडला. आम्ही शहरात पोहोचलो तेव्हा दुतर्फा माणसे दाटली होती. माझ्याखाली छान काळोख होता. रोलिंडा अशी नाचली की म्हाताऱ्यांनी खुर्च्या सोडल्या. पण डोंगराकडच्या चढाला लागलो आणि तिची मूठ माझ्या दांड्यावर घट्ट झाली. करवत फिरू लागली होती. मागे सगळे ढोल जोरात होते आणि चढ अजून बराच उरला होता. तिचा एक गुडघा वाकला.

तेवढ्यात वारा सुटला. इथे जानेवारीत उन्हाळा असतो; त्या दिवसांतला हा आग्नेयेचा वारा शहराची हवा धुऊन काढतो, म्हणून गावात त्याला 'डॉक्टर' म्हणतात. रोलिंडाच्या उपयोगी पडलेला हा पहिलाच डॉक्टर. त्याने मला एका फटक्यात उलटी केली. सोने आत गेले आणि काळे अस्तर भर उन्हात साऱ्या पथकासमोर फडफडले.

ढोल थांबले. बँजो थांबले. टोप्या उतरल्या. पथकाचे पाहून रस्त्यावरच्या माणसांनीही टोप्या काढल्या. कोणासाठी, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

मला सरळ करायला रोलिंडाने हात वर नेला. मग तो हात थांबला. तिने श्वास घेतला, वाकलेला गुडघा सरळ केला आणि मला तशीच, उलटी, आणखी उंच धरली. त्या शांततेत ती एकेक पाऊल नाचत चढ चढू लागली.

बूता धापा टाकत आला. टोपी त्याच्याही हातात होती. "कोण गेलं?" त्याने कुजबुजत विचारले.

"कोणी नाही, बूता. माझं डोकं दुखतंय."

"डोकं? अगं, ढोल मेलेल्यांसाठी थांबतात!"

"मग एकदा जितीसाठी थांबू देत. मी मेल्यावर वाजवा हवं तेवढं. तेव्हा माझं डोकं दुखणार नाही."

मागच्या ढोलवाल्यांत कोणीतरी खुदकन हसले. बूता काही बोलणार होता, पण रोलिंडाला उमासा आला. बूताची टोपी हातातच होती म्हणून सोय झाली. नवी कोरी सोनेरी टोपी होती ती. रोलिंडाने तिच्यात उलटी केली, तोंड पुसले आणि पुन्हा ताठ झाली.

"बसले नाही हं, बूता. उभी आहे."

बूताने टोपीकडे पाहिले, रोलिंडाकडे पाहिले. नंतर मागे वळून म्हणाला, "वाजवा रे. पण चढ संपल्यावर."

पुढच्या वर्षी त्या चढावर ढोल आपोआप थांबले. त्याच्या पुढच्या वर्षीही. आता तिथली माणसे सांगतात की फार पूर्वी तिथे एक खलाशी वारला होता. बूता पाहुण्यांना सांगतो, ही आमच्या आजोबांपासूनची चाल आहे. रोलिंडा शेजारी उभी राहून गंभीरपणे मान डोलावते.

तिची अर्धशिशी बरी झालेली नाही. तशी कोणी आशाही दाखवू नये. पुढची जागा मात्र तिचीच आहे, आणि माझे अस्तर काळेच आहे. तीटी आता ते न विचारता लावते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही; मला तीटी आहे. पण तुमच्या घरात कोणाचे डोके असे दुखत असेल, तर बटाटे भाजीत घाला. पडदा ओढा, आवाज उतरवा, आणि त्या माणसाची राहणी तपासू नका. त्याची पुढची जागा मात्र रिकामी ठेवा. ते माणूस उठून येणार आहे, आणि तुमच्या टोपीची खैर नाही.