बिबी हायकाचा कॅन

लघवीच्या कॅनवरून माणूस ओळखता येतो, असं मी म्हटलं की नव्या नर्स तोंडावर हात ठेवून हसतात. हसू देत. मूत्रपिंडाच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढल्यावर एवढं बोलायचा हक्क मला आहे. डॉक्टर उरियोंच्या संशोधनात चाळीस पेशंट होते आणि प्रत्येकाने एक गुरुवार सोडून एका गुरुवारी, आदल्या पूर्ण दिवसाची लघवी कॅनमध्ये भरून आणायची होती. कुणी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं, तर एक मास्तर चर्चला न्यायच्या बॅगेत बायबलशेजारी लपवून आणायचे. हायकाआजी, आमच्या भाषेत बिबी हायका, मात्र डोंगरावरच्या किबोशो गावाहून दालादालात, म्हणजे खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये बसून यायची, ती पिवळा कॅन उघडपणे मांडीवर घेऊन. कुणी विचारलं तर म्हणायची, डॉक्टरसाठी नेतेय. तिची केळ्याची बिअर, म्हणजे म्बेगे, साऱ्या डोंगरउतारावर नावाजलेली. त्यामुळे एकदा कंडक्टरने तिच्याकडे घोटभर मागितलीसुद्धा होती.

पहिल्यांदा आली तेव्हा तिचे पाय केळीच्या खुंटासारखे सुजले होते. अंगातलं प्रथिन लघवीवाटे वाहून चाललं होतं. डॉक्टर उरियो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. प्रत्येकाच्या शरीरात राखणीची कुत्री असतात, ते सांगू लागले, आणि रोग आत शिरला की ती त्याला चावतात. तुमची कुत्री तुमच्याच मूत्रपिंडांना चोर समजून चावत सुटलीत. गोळ्यांनी त्यांना शांत करता येतं, पण गोळ्या जास्त झाल्या तर ती गाढ झोपतात आणि खरा चोर घरात येतो. रक्तातली ही कुत्री मोजून, कुणाला नेमक्या किती गोळ्या पुरतील हे आधीच सांगता येईल का, याच्या मागे ते लागले होते.

बिबीने सगळं नीट ऐकून घेतलं. "पण घरच्यांवर उलटलीच का ती? कुणी काय केलं त्यांना?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही, बिबी. तेच तर शोधायचंय."

"मग शोध बाळा. मी आहे."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. डॉक्टर एकतीस वर्षांचे, इतके किडकिडीत की पांढरा कोट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. बिबी कॅनबरोबर त्यांच्यासाठी थर्मासमधून म्तोरी आणायची, कच्च्या केळ्यांचं, मटण घातलेलं दाट सूप. संपेपर्यंत समोरून हलायची नाही. मला कधी चमचाभरही विचारलं नाही. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हणणार नाही.

मग एका गुरुवारी मोठे प्रोफेसर आले आणि कॉरिडॉरमध्येच डॉक्टरांवर बरसले. वर्ष होत आलं, हाती काही लागत नाही, हे असंच चाललं तर काम बंद करू, असं चारचौघांत ऐकवलं. बाकावर बिबी क्रोशाचं विणकाम करत बसली होती. तिची सुई थांबली नाही, म्हणून मला वाटलं तिचं लक्ष नाही. मला, इतकी वर्षं बायका पाहिलेल्या बाईला, असं वाटावं याची आजही लाज वाटते.

त्यानंतरच्या कॅनमध्ये बिबीचं प्रथिन निम्म्यावर आलं. पुढच्या खेपेला आणखी उतरलं, आणि तिसऱ्या खेपेला जवळजवळ नाहीसंच झालं. डॉक्टरांनी तिच्या गोळ्या निम्म्या केल्या. चमत्कारिक गोष्ट अशी की रक्तातली कुत्री होती तेवढीच होती, एकही कमी झाली नव्हती. डॉक्टर दोन्ही कागद शेजारी ठेवून तासन्‌तास बघत बसायचे. शेवटी मला म्हणाले, सिस्टर, हिची कुत्री भुंकतात पण चावत नाहीत, हिच्या अंगात असं काहीतरी आहे जे त्यांना थोपवतंय. ते काय आहे हे सापडलं तर किती माणसं वाचतील. दार-एस-सलाममध्ये देशभरच्या डॉक्टरांची सभा भरणार होती, तिथे ते बिबीबद्दल बोलणार होते. त्यांनी बिबीला तसं सांगितलं तेव्हा ती हसली, आणि मग बराच वेळ सुईत अडकलेला दोरा सोडवत बसली.

मला मात्र तिचं वजन छळत होतं. दर खेपेला ते वाढत होतं. विचारलं की म्हणायची, मांका, माझी सून, चांगलं खायला घालते. आमच्याकडे बाई भरली की लोक सासरचं कौतुक करतात, त्यामुळे पुढे काय बोलणार? पण एका गुरुवारी ती काट्यावर चढताना कमरेला गुंडाळलेला कांगा जरा वर सरकला आणि लोकरी मोज्याचा काठ पायात रुतलेला दिसला. मी खाली बसून तिचा मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावरही खळगा तसाच राहिला. वाढलं होतं ते अंग नव्हतं, सूज होती.

मी कॅनला हातच लावला नाही. म्हटलं, बिबी, आज इथेच दे, ताजी. ती म्हणाली, आत्ताच जाऊन आले. मी तिच्यासमोर चहाचा मग ठेवला. तो संपल्यावर दुसरा ठेवला. तिसऱ्या मगाला तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक उठत नाही तेव्हा ती पाहत असेल. पण शेवटी उठली. तपासणीची पट्टी पिवळीची गर्द हिरवी झाली, म्हणजे प्रथिन भरभरून वाहत होतं.

"कॅनमध्ये कुणाची असते?" मी विचारलं.

"मांकाची. तिला सांगितलंय, घरातल्या सगळ्यांची तपासणी चाललीय." मग खाली बघत म्हणाली, "एकदम नाही केलं पोरी. आधी अर्धी-अर्धी. म्बेगेतसुद्धा पाणी कुणी एकदम घालत नाही."

"पण का?"

"तो मोठा माणूस त्याला सगळ्यांदेखत बोलला. माझ्या म्हाताऱ्या मूत्रपिंडांपायी त्या लेकराचं काम बंद पडायचं? मला वाटलं, एक चांगला कॅन मिळाला की सुटेल बिचारा. मग तो इतका खूश झाला, की मला सांगताच येईना."

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं ते चेहऱ्यावरूनच कळलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी तुमच्या गोळ्या निम्म्या केल्या," ते म्हणाले. "मी माझ्या हाताने तुम्हाला मारत होतो, बिबी, आणि तुम्ही मला म्तोरी खायला घालत होता." एवढं बोलून ते निघून गेले. जाता जाता मला पूर्ण गोळ्या द्यायला सांगितल्या. मी गोळ्या घेऊन परत आले तर बाक रिकामा होता. पिवळा कॅन तेवढा खाली राहिला होता.

पुढच्या खेपेला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन लावला तो मांकाने घेतला. रडत होती. सूज डोळ्यांपर्यंत आलीय, म्हणाली, आणि सासूबाई एकच धरून बसल्यात, त्या पोराला तोंड कसं दाखवू. निम्म्या केलेल्या गोळ्या घरात होत्या, त्याही संपल्या होत्या. आणखी दोन-तीन महिने असेच गेले असते तर तिची मूत्रपिंडं कायमची गेली असती. हे मला माहीत होतं आणि डॉक्टरांनाही.

दार-एस-सलामचं भाषण त्यांनी रद्द केलं होतं, बिबीचे आकडे खोडले होते आणि प्रोफेसरांना सगळं खरं लिहून कळवलं होतं. पण किबोशोला जायला तयार नव्हते. दोनदा निरोप पाठवलाय, म्हणाले, पेशंटला नाही म्हणायचा अधिकार असतो. तिथे माझं डोकं फिरलं.

"ती चुकली, कबूल," मी म्हटलं. "पण डॉक्टर, तिचे पाय तुम्ही शेवटचे कधी पाहिले होते?"

ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मी बाहेर गेले आणि कुंपणाच्या इसालेच्या झुडपाचं एक लांब पान तोडून आणलं. आमच्या चाग्गा लोकांत हे पान हातात घेऊन कुणी माफी मागायला आलं, तर समोरच्याला नाही म्हणताच येत नाही, मग अपराध कितीही मोठा असो. माझ्या नवऱ्याने ते आजवर दोनदा आणलंय. तिसऱ्यांदा आणलंस तर झुडूपच उपटीन, अशी तंबी मी देऊन ठेवली आहे. डॉक्टर शहरात वाढलेले, तरी पानाचा अर्थ त्यांना ठाऊक होता. त्यांनी ते घेतलं.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा बिबी केळींच्या सावलीत, म्बेगेच्या थंड पडलेल्या पातेल्यापाशी बसली होती. चेहरा इतका फुगला होता की डोळे जेमतेम उघडत होते. डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी पान पुढे केलं.

"मी कागद पाहत राहिलो, बिबी. तुमच्याकडे पाहिलंच नाही. मला माफ करा आणि गोळ्या घ्या."

"हे पान मी आणायला हवं होतं रे."

"तुम्ही आलाच नाहीत."

"आणि मी नाही घेतलं तर?"

"घ्यावंच लागतं," मी म्हटलं. "उगाच भाव खाऊ नकोस."

तिने ते घेतलं, मांडीवर ठेवलं आणि हाताने सरळ करत राहिली. मग आमच्यादेखत गोळ्या गिळल्या आणि मांकाला हाक मारून म्हणाली, या पोराला आधी काहीतरी खायला दे. त्या दिवशी पहिल्यांदा मलाही म्तोरी मिळाली. मीठ कमी होतं, पण मी बोलले नाही.

पुढच्या आठ-नऊ महिन्यांत तिची सूज उतरली, आकडाही उतरत गेला, तोही तिच्याच लघवीचा; दर खेपेला ताजी घेऊन मी ताडून पाहायचे. पण माझ्या मनात राहिलाय तो त्या शनिवारनंतरचा पहिलाच गुरुवार. बिबी पिवळा कॅन मांडीवर घेऊन आली आणि कॅनच्या मुठीला इसालेचं ताजं पान बांधलेलं होतं. डॉक्टर म्हणू लागले, अहो, याची काय गरज. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी पान सोडवलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं.

तासाभराने आकडा आला. साडेनऊ ग्रॅम, चाळीस पेशंटांत वर्षभरातला सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला आणि बाहेर येऊन तिला सांगितला.

"वाईट आहे?" बिबीने विचारलं.

"फार वाईट."

"मग हसतोयस कशाला?"

ते बाकासमोर खाली बसले, तिचा मोजा हळूच उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला.