पडद्यामागून वाजलेली बास गिटार

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे, ताश्कंदची. चार जाड तारा, तुतीच्या लाकडाचे अंग आणि थोडी बेढब मान, असे माझे रूप. माझा आवाज तुमच्यापैकी बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. गाणे सुरू झाले की तुम्ही गाणाऱ्याचे दात पाहता, पुढे मिरवणाऱ्या सडपातळ गिटारींवर भाळता. पण छातीत जे घुमते आहे ते कुणाचे, हे विचारायचे तुम्हाला सुचत नाही. मी त्याचे वाईट वाटून घेत नाही. कान असून जे ऐकत नाहीत त्यांच्यावर रुसून काय करायचे?

मला एर्गाश तोगांनी घडवले. तोगा म्हणजे मामा. मला वाजवणाऱ्या झुलहुमोरचे हे मामा जुन्या शहरात दुतार बनवत. दोन तारांचा तो दुतार बाईने मांडीवर घेतला की आमच्याकडे सगळे कौतुकाने माना डोलावतात. झुलहुमोर लहानपणापासून तो वाजवत होती. पण सत्तरच्या दशकात सूतगिरणीच्या सांस्कृतिक भवनात रॉक वाजू लागले. तिने ते दाराबाहेर उभे राहून ऐकले आणि तिला बास वाजवायचे वेड लागले. दुकानात बास मिळत नव्हती. मग ती एक चित्र घेऊन मामांकडे गेली.

“हा कुत्री हाकलायचा सोटा आहे,” तोगा म्हणाले. “ह्याला वाद्य कोण म्हणतं?”

“तुम्ही करून द्या, तोगा. मग म्हणतील.”

त्यांनी कुरकुर करत दुतारासाठी राखलेला ओंडका काढला. तारा एका मोडक्या पियानोच्या लावल्या. आवाज पकडायला टेलिफोनच्या रिसीव्हरमधले तुकडे बसवले. ते कुठून आले हे मी सांगणार नाही. आमच्या नाक्यावरचा टेलिफोन मात्र पुढे बरेच दिवस मुका होता.

त्याच सुमारास सांस्कृतिक भवनातल्या वाद्यवृंदाचा बास वाजवणारा सैन्यात भरती झाला आणि झुलहुमोर मला घेऊन वृंदाचे प्रमुख शावकत आका, म्हणजे शावकतदादा, यांच्यापुढे उभी राहिली. हा मिशीसाठी वेगळा कंगवा बाळगणारा गृहस्थ. संगीतापेक्षा मिशीचे ज्ञान त्याला जास्त होते. पण दुसरे कुणी मिळत नव्हते, म्हणून त्याने तिला घेतले.

मग आले परवानगी देणारे मंडळ. त्यांनी मान हलवल्याशिवाय तिथे एक गाणे होत नसे. आमचे वाजवणे ऐकून अध्यक्ष म्हणाले की आवाज उत्तम आहे, पण दृश्य बरे नाही. मुलीने खांद्याला सोटा अडकवून पाय रोवून उभे राहायचे, हे पाहुण्यांना कसे दिसेल? तिच्या हाती खंजिरी द्या. झुलहुमोरने साफ नकार दिला. तेव्हा शावकतला एक तोड सुचली आणि त्या तोडीचा त्याला फार अभिमान वाटला. गिरणीच्या गोदामातला अन्वर हा रुंद खांद्यांचा, झुपकेदार केसांचा तरुण. त्याला वृंदाची चकचकीत लाल बास दिली. तो पुढे उभा राहून नुसती बोटे हलवणार आणि झुलहुमोर मंडळाला कळू न देता पडद्यामागे स्टुलावर बसून मला वाजवणार.

त्या लाल गिटारीची वायर एका स्पीकरच्या खोक्यामागे नुसती खोचलेली असे. जन्मात एक सूर न काढता ती रंगमंचावर मिरवली. अजूनही तिचेच फोटो सापडतात.

झुलहुमोरने हे का मानले? दुसरा मार्ग खंजिरीचा होता, आणि बास वाजवायला त्या शहरात तिला दुसरी जागा नव्हती. ती मागे बसत असे, कुणाला दिसणार नाही म्हणून घरच्या सपाता घालून. मुली अन्वरला फुले देत. एकदा तो फुलांचा गुच्छ घेऊन मागे आला. “आपा, खरं तर ही तुमची आहेत,” तो म्हणाला.

तिने फुले फरशी पुसायच्या बादलीत खोचली. “बोटं तरी तालात हलव. मागून बघताना मला लाज वाटते.”

वसंतात शहराची मोठी स्पर्धा आली. आमची पाळी येण्याआधी मंडळाचे अध्यक्ष रंगमंचावर आले आणि त्यांनी अन्वरचे खांदे थोपटले. आम्ही दोघी पडद्याआड हातभर अंतरावर होतो.

“ह्याला म्हणतात पुरुषाचा हात,” ते म्हणाले. “हे वजन बाईच्या बोटांत यायचं नाही.”

अन्वरने मान खाली घातली. झुलहुमोरने माझी एक खुंटी पिळून तार चढवली.

शेवटच्या गाण्यात तिने ठरलेले वाजवणे सोडून दिले. मनगट फिरवत पाचही बोटांनी तारा झोडायची, लग्नघरात बायका दुतारावर वाजवतात ती चाल तिने माझ्यावर धरली. ढोलवाला आधी दचकला, मग तिच्यामागे धावला. आणि पुढे अन्वर! आवाजाचा धबधबा कोसळत होता आणि त्याची बोटे जागच्या जागी थिजली होती. सभागृहात आधी खसखस पिकली, मग उघड हशा उठला. मला फार बरे वाटले, हे कबूल करते.

पण ज्याला मी कपडे टांगायचा खुंटा समजत होते, त्या अन्वरने एक शहाणपणाचे काम केले. त्याने लाल गिटार जमिनीवर ठेवली, तो मागे आला आणि त्याने पडदा बाजूला धरला.

सपाता घातलेली झुलहुमोर सगळ्यांना दिसली. ती थांबली नाही. उठली आणि वायर पुरेल तितकी पुढे आली. हशा थांबला. शेवटच्या सुरानंतर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. थोड्या वेळापूर्वी हेच लोक अन्वरच्या केसांवर खूश होते, तेव्हा त्या टाळ्यांचे मी फार मनावर घेतले नाही.

बक्षीस मिळाले नाहीच. मंजूर नसलेले संगीत वाजवले म्हणून तिला वृंदातून काढून टाकले. शावकत मिशी विंचरत म्हणाला की त्याचा नाइलाज आहे. ती बाहेर आली तेव्हा एर्गाश तोगा पायरीवर बसले होते. त्यांनी मला हातात घेऊन मानेवरून अंगठा फिरवला.

“मान जरा जाड राहिलीय,” ते म्हणाले. “उद्या घेऊन ये. तासून देतो.”

झुलहुमोर तिथेच पायरीवर बसून रडली.

पुढे तिने चार बायकांचा स्वतःचा वृंद काढला. लग्नांत, कापसाच्या गावांत आम्ही पुष्कळ वाजलो. ज्या सासवा सुरुवातीला तोंडावर डोक्याच्या रुमालाचे टोक धरत, त्याच शेवटी नाचत. मग लग्नांत यंत्रातून तयार संगीत येऊ लागले आणि मला कपाटावर रजयांच्या ढिगात टाकले. झुलहुमोरचा जावई माझ्या खुंट्यांना टोप्या अडकवायचा. तो आजही स्वतःला संगीताचा शौकीन म्हणवतो.

अलीकडे शावकतचा सत्कार झाला. ताश्कंदमध्ये बाईच्या हाती पहिली बास आपणच दिली, असे त्याने भाषणात सांगितले आणि लोकांनी मान्य केले. त्यानंतर सांस्कृतिक भवनाच्या नव्या संचालिका गुलचेहरा घरी आल्या. त्यांना मी काचेच्या पेटीत हवी होते. त्या म्हणाल्या की माझ्यावर नवे पॉलिश चढवतील, खाली पाटी लावतील, कुणी बोटसुद्धा लावणार नाही.

“मग वाजवणार कोण?” झुलहुमोरने विचारले. तिची बोटे आता सुजलेली असतात.

“आपा, ती वाजवायची नाही. जपायची आहे.”

मित्रांनो, जपणे म्हणजे काय, याबद्दल तुमच्या कल्पना अशाच आहेत. तुमच्या घरी एखादे वाद्य पडून असेल तर त्यावर फडके मारून फोटो काढत बसू नका. खाली घ्या, तारा बदला, वाजवा. येत नसेल तर शिका. तुम्ही ऐकाल असा माझा भरवसा नाही, तरी सांगून ठेवते.

झुलहुमोरने गुलचेहरांना विचारले की त्यांना काही वाजवता येते का. त्या ओशाळल्या. लहानपणी फार इच्छा होती म्हणाल्या, पण घरच्यांनी शिकू दिले नाही.

“अंगठी काढा,” झुलहुमोर म्हणाली आणि तिने माझी वायर जुन्या स्पीकरला जोडून मला त्यांच्या मांडीवर ठेवले. “चरा पडेल.”

त्यांनी अंगठी काढली आणि घाबरत पहिली तार छेडली. सूर भयंकर लागला. आवाज बंद करा म्हणून खालच्या मजल्यावरच्यांनी लगेच भिंतीतला पाइप ठोकला.

“थांबू नका,” झुलहुमोर म्हणाली.