ओयार्सुनच्या नावाचा कप्पा

हुकूम तुम्ही मुख्य कार्यालयातल्यांनी काढलात, आणि आत काय आहे ते न बघता काढलात. विद्यापीठ सोडून गेलेल्या माणसांच्या नावाचे सगळे कप्पे शुक्रवारी दुपारी बारा वाजता सर्व्हरवरून पुसले जातील, बॅकअपसकट. संपलं. विचारायची सोयच नाही.

वाल्दिव्हिया शहरात, विद्यापीठाच्या संगणक केंद्रात एदेल्मिराने ती यादी वाचली तेव्हा शुक्रवारचे साडेदहा वाजले होते. एक्केचाळीस नावं. सतरावं नाव ओयार्सुन.

प्रोफेसर ओयार्सुन मार्चमध्ये निवृत्त झाले. पण त्या कप्प्यात त्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं. दक्षिणेतल्या नऊ ठाण्यांवरची भूकंपाची नोंद एकोणीस वर्षं तिथे येऊन पडत होती, आताही मिनिटामिनिटाला पडत होती. इथली रीतच तशी. प्रकल्पाचं नाव दर अनुदानाला बदलतं, विभागाचं दर कुलगुरूला, म्हणून कप्प्याला माणसाचं नाव द्यायचं. माणूसही जातो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तिने मुख्य कार्यालयाला फोन लावला. साहेब बैठकीत. पुन्हा लावला. बैठकीतच. ती खोलीभर येरझाऱ्या घालू लागली.

"अगं एदेल, बस की! फरशी झिजेल," शेजारच्या टेबलावरून बाल्तासार म्हणाला. "नाव बदलून टाक. एका ओळीचं काम."

"हो रे शहाण्या! आणि नऊ ठाण्यांची नोंद जुन्याच नावावर येते, तिचं काय? ती येऊन दार ठोठावणार, उघडणार कोण? तुझी आजी?"

"आजी एकोणीसशे साठच्या मोठ्या भूकंपात उघडीवाघडी रस्त्यावर पळाली होती. तिची नाही हिंमत व्हायची."

ती हसली नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने कुणाला न विचारता कप्प्याचं नाव बदललं, 'भूकंप-दक्षिण' केलं. मग एकेका ठाण्याची वाट हाताने नव्या नावाकडे वळवायला घेतली. बोटं चुकत होती. एक ओळ तीनदा लिहावी लागली. नववं ठाणं, चाइतेन, जोडलं गेलं तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती.

"वाचलं गं!" बाल्तासार ओरडला.

तिची नजर मात्र यादीवर होती. आणखी एक उघडून बघायलाही वेळ नव्हता. बारा वाजले आणि पडद्यावरून नावं एकामागून एक नाहीशी होत गेली.

तिने तिथल्या तिथे तुम्हाला पत्र लिहिलं. मी नियम मोडला, काय करायचं ते करा. पण उरलेल्या चाळीस कप्प्यांत काय होतं? तुमच्यापैकी कुणी एक तरी उघडून पाहिला होता का? कुणी पाहिला असेल, तर त्याचं नाव कळवा.